नरसाळ्यात न उतरलेले जीव

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळ पट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गाने एका पावसाळ्यात माती आणि पाचोळ्यातील लहान जीव गोळा करण्याचे साधे उपकरण तयार केले. मी त्या वर्गाची विज्ञान शिक्षिका होते. उपकरणाने पहिल्या खेपेस साफ चुकीचे उत्तर दिले, आणि ते चुकीचे आहे हे आमच्या लक्षात आले तेही योगायोगाने. असे उपकरण करण्याची कृती अनेक ठिकाणी वाचायला मिळते; ते कुठे फसते आणि फसले आहे हे ओळखायचे कसे, याविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवीत आहे.

प्रश्न निघाला तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिला पाऊस पडून गेला होता आणि एका मुलीने काडेपेटीत मृगाचा किडा आणला होता. मखमलीसारखा तो लाल जीव पांढऱ्या कागदावर सोडून आम्ही त्याचे पाय मोजले. ते आठ भरले. कीटकाला सहा पाय असतात, त्यामुळे नावात किडा असला तरी हा कीटक नव्हे, कोळ्यांच्या गोतावळ्यातील माइट आहे, एवढे वर्गाला पटले. मग तीच मुलगी म्हणाली, "बाई, बांधावर हा ढीगभर दिसतो, राबात एकही नाही. राब भाजला की खालचं सगळं मरतं का?"

राब ही आमच्याकडची रोपे तयार करण्याची जुनी पद्धत आहे. उन्हाळ्यात ठरलेल्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या झाडांच्या फांद्या, पाचोळा आणि गवत यांचे थर पसरतात, वर थोडी माती टाकतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन ते पेटवतात. तणाचे बी जळून जाते, राख मिळते, रोप स्वच्छ येते. वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी भाताचा किंवा नाचणीचा राब होता, त्यामुळे प्रश्नावर लगेच दोन तट पडले. एकाचे म्हणणे होते की सगळे मरते. दुसरा म्हणत होता की आग वरच्यावर जाते, खाली काही होत नाही. दोन्ही बाजूंना घरच्या मोठ्या माणसांचा हवाला होता, म्हणून मी मोजून पाहायचे ठरवले.

मातीतील बहुतेक जीव एक-दोन मिलिमीटरचे किंवा त्याहूनही लहान असतात. ते चिमट्याने वेचणे शक्य नसते. इटालियन कीटकशास्त्रज्ञ आंतोनियो बेर्लेसे यांनी १९०५ साली यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. नरसाळ्याला गरम पाण्याचे वेष्टन द्यायचे, त्यात माती ठेवायची, आणि उष्णता व कोरडेपणा टाळण्यासाठी जीव आपण होऊन खाली सरकत नरसाळ्याच्या नळीतून बाटलीत पडतील अशी व्यवस्था करायची. स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी १९१८ साली गरम पाण्याऐवजी वर विजेचा दिवा टांगला, आणि तेच रूप पुढे रूढ झाले. यात जिवांना पकडायचे नसते, त्यांना वरून हुसकायचे असते. हा फरक पुढे आम्हाला महागात पडला, कारण हुसकणारी गोष्ट कोणती, याचा विचार आम्ही पुरेसा केला नव्हता.

आमचे पहिले उपकरण शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचे होते. बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा कापून, झाकण काढून, तो उलटा करून खालच्या भागात बसवला की नरसाळे आणि त्याचा आधार एकाच वस्तूतून मिळतो. नरसाळ्यात जाळी हवी. आधी आम्ही मच्छरदाणीचा तुकडा लावला, पण त्याच्या छिद्रांतून मोठे जीव उतरणार नाहीत असे दिसले. नंतर कांद्याच्या गोणीची जाळी लावली, तर तिच्यातून मातीच खाली गळू लागली. शेवटी एका मुलाच्या आईने मोडकी चाळण दिली. तिची सुमारे दोन मिलिमीटर छिद्रांची जाळी गोल कापून बसवली आणि तो प्रश्न मिटला. नळीखाली ओल्या कापसाची लहान बाटली ठेवली. वर दिवा म्हणून शाळेत होता तो ९ वॅटचा एलईडी बल्ब टांगला.

तुलनेसाठी न भाजलेली, न नांगरलेली जागा हवी होती, आणि तशी जागा गावात एकच आहे, ती म्हणजे देवराई. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास १९७० च्या दशकात केला, त्यात हा निर्बंध सविस्तर आला आहे. आम्हाला तो तिथल्या वयोवृद्ध गुरवांकडून प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. मी परवानगी मागायला गेले तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "न्या बाई, पोरांच्या शिक्षणाचं काम आहे. पण पाचोळा देवाचा आहे, जिथला तिथं आणून टाका. आणि किडामुंगी मारायची नाही." मी हो म्हटले. शास्त्रीय गणनेत खालच्या बाटलीत ७० ते ८० टक्के अल्कोहोल ठेवतात, म्हणजे पडलेला जीव तिथेच मरतो आणि टिकून राहतो. आम्हाला ते करता येणार नव्हते. त्या वेळी ही अट मला गैरसोयीची वाटली होती, हे कबूल केले पाहिजे.

जुलैच्या सुरुवातीला एक लिटर पाचोळा देवराईतून आणि एक लिटर माती वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरील नाचणीच्या राबातून आणली. तीन दिवस आणि तीन रात्री दिवा चालू ठेवला. चौथ्या दिवशी देवराईच्या बाटलीत दोन मुंग्या आणि चमचाभर पाणी होते; राबाच्या बाटलीत एक मुंगी होती. एका मुलाने वहीत निष्कर्ष लिहूनही टाकला: "दोन्ही ठिकाणी जीव सारखेच कमी आहेत." आकड्यांवरून पाहिले तर त्याचे काही चुकले नव्हते.

पाचोळा परत करायचा होता म्हणून तो वर्गात वर्तमानपत्रावर ओतला. कागदावर पडताक्षणीच पांढुरके ठिपके टुणटुण उडू लागले. एक चपटी गोम पानाखालून निघून टेबलाच्या कडेकडे पळाली. ओल्या पानांच्या थरात हात घालावा तिथे काही ना काही हलत होते. तीन दिवस दिव्याखाली राहूनही हे सारे जिथे होते तिथेच होते. पाचोळा परत नेण्याची अट नसती, तर आम्ही तो शाळेच्या मागे फेकला असता आणि वहीतला निष्कर्ष तसाच राहिला असता.

आता प्रश्न मातीचा राहिला नव्हता, उपकरणाचा झाला होता. उपकरण तपासण्याची रीत वर्गातच सुचली, आणि ती मुळात वाणसामानाच्या दुकानातली आहे: काटा बरोबर आहे का हे पाहायला वजन माहीत असलेले माप टाकतात. आपणही मोजून जीव टाकावेत आणि किती उतरतात ते पाहावे. त्यासाठी थोडा पाचोळा उन्हात वाळवून, नंतर तव्यावर कोरडा परतून निर्जीव करून घेतला आणि पाणी शिंपडून पुन्हा ओला केला. त्यात मोजून २० स्प्रिंगटेल सोडायचे ठरले.

स्प्रिंगटेल म्हणजे पाचोळ्यातून उडालेले तेच पांढुरके ठिपके. त्यांना सहा पाय असले तरी आजच्या वर्गीकरणात त्यांना कीटकांपासून वेगळे ठेवतात. पोटाखाली दुभंगलेल्या शेपटीसारखा एक अवयव दुमडून अडकवलेला असतो. तो सुटला की जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेत फेकला जातो. शाळेच्या कुंड्यांखालच्या थाळ्यांत ते भरपूर मिळाले, पण दीड मिलिमीटरचा आणि उडणारा जीव मोजून उचलायचा कसा, ही अडचण उभी राहिली. चिमट्यात तो चिरडतो, आणि ओल्या कुंचल्याने उचलावा तर कुंचला जवळ नेईपर्यंत नाहीसा होतो. त्यामुळे मूळ उपकरण बाजूला ठेवून आधी शोषनळी करावी लागली.

औषधाच्या रुंद तोंडाच्या स्वच्छ बाटलीच्या झाकणाला दोन भोके पाडून त्यांत मत्स्यपेटीला लावतात त्या पारदर्शक नळीचे दोन तुकडे घट्ट बसवले. एक तुकडा वीतभर, त्याचे टोक जिवाजवळ धरायचे. दुसरा हातभर, तो तोंडात धरून हलकेच हवा ओढायची. ओढणाऱ्या नळीच्या बाटलीतील टोकावर मलमलीचा दुहेरी तुकडा दोऱ्याने बांधलेला असलाच पाहिजे, नाही तर जीव बाटलीऐवजी घशात जातो. पहिल्याच दिवशी एका मुलाने नळ्यांची अदलाबदल केली आणि लहानसा मुंगळा त्याच्या जिभेवर गेला. काही इजा झाली नाही, पण त्यानंतर ओढणाऱ्या प्रत्येक नळीला लाल दोरा बांधला आणि प्रत्येकाला स्वतःचे वेगळे तोंडाचे टोक दिले. अनेक मुंग्या फॉर्मिक आम्ल फवारतात. बाटलीत अशा बऱ्याच मुंग्या एकदम घेतल्या तर ओढणाऱ्याला ठसका लागतो, हेही अनुभवाला आले. कुजट, बुरशी आलेल्या पाचोळ्यावर तोंडाने ओढणे मी पूर्णपणे बंद केले, कारण मलमल जीव अडवते, बुरशीची धूळ अडवत नाही. तिथे रबरी फुग्याची पिचकारी लावली. तिने काम मंद होते, आणि फुगा आधी दाबून मगच नळी जिवाजवळ न्यावी लागते, नाही तर तो ओढला जाण्याऐवजी उडवला जातो.

शोषनळीने मोजलेले २० स्प्रिंगटेल एलईडीच्या नरसाळ्यात सोडले. तीन दिवसांत ३ उतरले. बाकीचे बहुतेक पाचोळ्यातच सापडले, जिवंत आणि सुखरूप. मग गावातल्या जुन्या दुकानातून ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब आणला. दुकानदाराला तो माळ्यावरून शोधून काढावा लागला. त्याखाली तीन दिवसांत २० पैकी १४ उतरले.

कारण वर्गाला सांगावे लागले नाही, हात लावून कळले. साधा बल्ब मुख्यतः उष्णता देतो, प्रकाश हे त्याचे जोडकाम. एलईडी उलट, आणि त्याची जी थोडी उष्णता असते ती बुंध्याकडे जाते, समोर नाही. बेर्लेसे यांच्या नरसाळ्यात तर दिवाच नव्हता, एवढे आठवले असते तरी चूक टळली असती. जुलैच्या दमट हवेत निव्वळ उजेडाखाली ओला पाचोळा वाळतच नाही, आणि तो वाळला नाही तर स्प्रिंगटेलला खाली जायचे कारण उरत नाही. त्याची त्वचा पाणी धरून ठेवण्यात कमकुवत असते. जिथे ओल तिथे तो. शिवाय आमचे नरसाळे पारदर्शक होते, त्यामुळे वर उजेड आणि खाली अंधार असा भेदही नव्हता. बाहेरून काळा कागद गुंडाळल्यावर तो आला.

उष्णता मिळाल्यावर मुलांना वाटले की ती जितकी जास्त तितके काम लवकर होईल. बल्ब चार बोटांवर आणला तर वरची पाने तासाभरात कुरकुरीत झाली, आणि त्या खेपेस ९ च उतरले. सगळ्यांनाच पळता येत नाही. काही माइट आणि अळ्या इतक्या संथ असतात की कोरडेपणाची सीमा त्यांना गाठते आणि ते तिथेच वाळून जातात. बल्ब साधारण वीतभर उंचीवर ठेवणे आणि घाई न करणे हेच बरे ठरले. आगीचा धोका वेगळाच होता. कोरडी पाने, कागद आणि तापलेला बल्ब एकत्र असताना नरसाळे रात्रभर एकटे ठेवणे मला मान्य नव्हते, म्हणून बल्बभोवती पत्र्याचा डबा बसवला आणि शाळा सुटताना दिवा बंद करू लागलो. दिवसाही वीज जायचीच. त्यामुळे तीन दिवसांचे काम पाच दिवसांवर गेले, परंतु हळूहळू वाळल्यामुळे संथ जीव अधिक उतरले.

बाटलीतल्या त्या चमचाभर पाण्याचा उलगडाही याच सुमारास झाला. पाचोळ्यातून निघालेली वाफ नरसाळ्याच्या भिंतीवर थेंब होऊन साचत होती आणि लहान जीव त्या थेंबांना चिकटून राहत होते. तापलेल्या सुईने भिंतीला वर छिद्रे पाडली, पाचोळ्याचा थर वीतभराऐवजी चार-पाच सेंटिमीटरचा केला आणि तो भिंतीला टेकणार नाही असा जाळीच्या मध्यभागी रचला. यानंतर भिंत कोरडी राहू लागली.

जिवंत पकडण्याच्या अटीची खरी किंमत ऑगस्टमध्ये कळली. एका संध्याकाळी बाटलीत तीसेक स्प्रिंगटेल, एक लहान गोम आणि दोन कोळी होते. सकाळी गोम आणि कोळी होते. अल्कोहोलमध्ये असे होत नाही, कारण तिथे खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघेही एकदमच संपतात. आमच्या बाटलीत मात्र मोजणी आणि जेवण एकाच वेळी चालले होते. त्यावर प्रत्येक सुट्टीत बाटली बदलायची, शोषनळीने शिकारी जीव वेगळ्या डबीत काढायचे आणि आकडा लगेच वहीत टाकायचा, असा पाळीचा तक्ता केला. हे कंटाळवाणे काम मुलींनी मुलांपेक्षा जास्त नेटाने केले, अशी माझी नोंद आहे.

निरीक्षणासाठी श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यांच्या तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कोळशाची पूड नवास एक या प्रमाणात कालवून बोटभर थर ओतला. प्लास्टर पाणी धरून ठेवते, म्हणून आतील हवा दमट राहते. कोळशामुळे तळ करडा होतो आणि त्यावर पांढरा स्प्रिंगटेल उठून दिसतो. ब्रेडसाठी वापरतात त्या कोरड्या यीस्टचे चार दाणे टाकले की ते खायला जमतात. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली एक मुलगी अर्धा तास एकाच स्प्रिंगटेलकडे पाहत होती. तो पुढच्या पायाने मिशी खाली वाकवून तोंडातून ओढून घेत होता, आणि मग दुसरी. "मांजरासारखं करतोय," ती म्हणाली. तीन आठवड्यांनी त्याच डब्यात प्लास्टरच्या खळग्यात मोत्यासारख्या अंड्यांचा पुंजका दिसला.

राबाचा मूळ प्रश्न सप्टेंबरअखेरीस, पाऊस ओसरल्यावर, पुन्हा हाती घेतला. पहिल्या वेळची आणखी एक चूक तोवर लक्षात आली होती: एकीकडे पाचोळा आणि दुसरीकडे माती घेऊन केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. या वेळी देवराईत पाचोळा बाजूला सारून खालची माती घेतली, रोपे उपटून मोकळ्या राहिलेल्या नाचणीच्या राबातली घेतली आणि त्या राबालगतच्या बांधावरचीही घेतली. तळ कापलेला पत्र्याचा डबा पाच सेंटिमीटर जमिनीत दाबून मातीचा अखंड गोळा काढायचा आणि तो नरसाळ्यात उलटा ठेवायचा, असे ठरवले. उलटा अशासाठी की जीव ज्या फटींतून वर-खाली करतात त्या पृष्ठभागाकडे उघड्या असतात, आणि सुटकेची वाट त्यांना तयारच मिळते. प्रत्येक ठिकाणचे पाच गोळे घेतले.

राबाचा एकही गोळा रिकामा निघाला नाही. देवराईच्या मातीत जीव सर्वांत जास्त आणि सर्वांत अधिक प्रकारचे होते. त्यात एक छद्मविंचूही उतरला, शेपटी नसलेला, नांग्या उगारून मागे मागे चालणारा, तांदळाच्या कणीएवढा. बांध मधोमध राहिला. राबात मुख्यतः मुंग्या, माइट आणि थोडे स्प्रिंगटेल मिळाले. सगळे मरते म्हणणाऱ्यांना हे मान्य करावे लागले. पण दुसऱ्या तटालाही जिंकल्याचे समाधान मी दिले नाही, कारण राबातले जीव आगीतून वाचलेले होते की चार महिन्यांत बांधावरून परत आलेले होते, हे सप्टेंबरच्या गोळ्यांतून सांगता येत नाही. कोरडी माती उष्णता खाली फारशी जाऊ देत नाही, हे खरे. मात्र उन्हाळ्यात भाजण्याआधीच वरची माती इतकी वाळलेली असते की ओलीवर जगणारे बरेचसे जीव तेव्हा तिथे नसतातच. त्यासाठी भाजणीच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि पहिल्या पावसानंतर अशी तीनदा माती काढावी लागेल. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तरी तीन मुलांनी आपापल्या राबाची जबाबदारी घेतली आहे.

पाचोळा आणि त्यातले जीव प्रत्येक वेळी देवराईत परत नेऊन टाकले. श्रीखंडाच्या डब्यांतले स्प्रिंगटेल कुंडीतले होते, ते शाळेतच राहिले. वहीतला जुना निष्कर्ष आम्ही खोडला नाही, त्याच्या बाजूला तारीख घालून "एलईडी" एवढेच लिहिले. आता प्रत्येक नोंदीला दोन रकाने असतात: नरसाळ्यातून उतरलेले, आणि नंतर कागदावर ओतून हाताने सापडलेले. दुसरा रकाना अजून एकदाही शून्य आलेला नाही.